रेडमाइन

रेडमाइन : प्रकल्पातील कामांची नोंद, वाटणी, कालनियोजन आणि देखरेख यांसाठी वापरण्यात येणारी वेबाधारित मुक्त स्रोत आज्ञावली. ती एका सर्व्हरवर, बहुधा लिनक्स या परिचालन प्रणालीवर, एकदाच बसविली जाते व प्रकल्पाशी संबंधित सर्व व्यक्ती आपापल्या संगणकावरील ब्राउझरच्या साहाय्याने ती वापरतात. त्यामुळे प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी आज्ञावली बसवावी लागत नाही आणि सर्वांना एकाच वेळी एकच नोंदवही दिसते. ही आज्ञावली रूबी या संगणक भाषेत, ‘रूबी ऑन रेल्स’ या चौकटीच्या आधारे लिहिलेली असून ती ग्नू सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली विनामूल्य उपलब्ध आहे. प्रस्तुत नोंदीत रेडमाइनचे स्वरूप थोडक्यात सांगून ती लिनक्स सर्व्हरवर बसविण्याची प्रक्रिया व त्या प्रक्रियेमागील तत्त्वे यांचे विवरण केले आहे. या वर्गातील इतर आज्ञावलींची उभारणीही, तपशील सोडल्यास, याच मार्गाने होते.

पार्श्वभूमी व इतिहास : मोठे काम लहान घटकांत विभागून त्यांचा काळाशी संबंध आकृतीने दाखविण्याची पद्धत अमेरिकन अभियंते हेन्री गँट (१८६१–१९१९) यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केली. ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी १९५७ च्या सुमारास विकसित केलेली क्रांतिक मार्ग पद्धती व १९५८ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी योजिलेली ‘पर्ट’ पद्धती यांमुळे प्रकल्प व्यवस्थापनाला गणिती बैठक मिळाली. आज्ञावल्यांच्या निर्मितीत मात्र वेगळीच गरज निर्माण झाली. तेथे दोष सतत सापडत राहतात; कोणता दोष कोणी नोंदविला, तो कोणाकडे सोपविला व कोणत्या दुरुस्तीने तो नाहीसा झाला, यांचा हिशेब ठेवणे आवश्यक ठरले. या गरजेतून बगझिला (१९९८) व त्यानंतर ट्रॅक यांसारख्या वेबाधारित दोषनोंदवह्या तयार झाल्या.

फ्रान्समधील झाँ-फिलिप लाँग यांनी जून २००६ मध्ये रेडमाइनची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. एकाच प्रतिष्ठापनेत अनेक प्रकल्प व उपप्रकल्प सामावून घेण्याची सोय हे तिचे आरंभापासूनचे वैशिष्ट्य होते. पहिली मुख्य आवृत्ती (१.०) २०१० मध्ये, पाचवी २०२२ मध्ये व सहावी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. विकासाची गती व पद्धत यांविषयी मतभेद होऊन २०११ मध्ये चिलीप्रोजेक्ट ही शाखा वेगळी झाली. ती पुढे बंद पडली, तथापि तिच्यातूनच ओपनप्रोजेक्ट ही स्वतंत्र आज्ञावली उदयास आली. उद्गम आज्ञावली खुली असल्यामुळेच अशी शाखा निघू शकते आणि मूळ विकासकांनी काम थांबविले, तरी वापर करणाऱ्यांचे काम अडून राहत नाही.

स्वरूप : रेडमाइनमधील मूलभूत घटक म्हणजे ‘कामाची नोंद’. प्रत्येक नोंदीस अनुक्रमांक, शीर्षक, वर्णन, प्रकार, स्थिती, अग्रक्रम, सोपविलेली व्यक्ती, आरंभ व समाप्तीचे दिनांक आणि पूर्णतेची टक्केवारी हे गुणविशेष असतात. नोंदीत झालेला प्रत्येक बदल, तो करणाऱ्याचे नाव व वेळ यांसह, त्या नोंदीखाली कायम राहतो. कोणाला काय पाहता व बदलता येईल हे ‘भूमिकां’वरून ठरते आणि एकच व्यक्ती एका प्रकल्पात व्यवस्थापक, तर दुसऱ्यात केवळ नोंद करणारी असू शकते. यांशिवाय गँट आलेख, दिनदर्शिका, कामास लागलेल्या वेळेची नोंद, विकी पृष्ठे, कागदपत्रांचा संग्रह आणि गिट, सबव्हर्जन इ. आवृत्तिनियंत्रण प्रणालींशी जोडणी या सोयी आहेत.

आज्ञावलीनिर्मितीखेरीज अन्य क्षेत्रांतही तिचा उपयोग होतो. उदा., एखाद्या कोशाच्या निर्मितीत प्रत्येक लेख ही एक नोंद मानल्यास लेखन, विषयतज्ज्ञाचे परीक्षण, भाषिक संस्करण, मुद्रितशोधन या तिच्या क्रमिक स्थिती होतात व कोणता लेख कोणाच्या मेजावर किती दिवस पडून आहे, हे क्षणात कळते.

रचना : ब्राउझरमध्ये दिसणारे एक पान तयार होण्यासाठी सर्व्हरवर निरनिराळी कामे करणारे चार थर एकत्र येतात. सर्वांत खाली लिनक्स परिचालन प्रणाली असते. लायनस टॉरव्हॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभ केलेल्या या प्रणालीचे डेबियन, उबुंटू इ. वितरणसंच सर्व्हरसाठी प्रचलित आहेत. दुसरा थर माहितीसाठ्याचा, म्हणजे डेटाबेसचा असून त्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल वापरतात. एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा साठाही चालतो; परंतु एकाच वेळी अनेकांनी लिहावयाचे असल्यास तो योग्य नसल्याने केवळ चाचणीपुरता वापरावा. तिसरा थर रूबी भाषेचा अर्थनिर्वचक, तिच्या पूरक आज्ञासंचांचा समूह व खुद्द रेडमाइन यांचा होय. या पूरक आज्ञासंचांना ‘जेम’ अशी संज्ञा आहे. सर्वांत वरचा थर वेब सर्व्हरचा, म्हणजे अपाची किंवा एनजिनेक्स यांचा असतो. बाहेरून आलेली मागणी तो स्वीकारतो, चित्रे व शैलीपत्रके यांसारख्या स्थिर फाइली स्वतःच पुरवितो आणि उरलेल्या मागण्या प्यूमा किंवा पॅसेंजर यांसारख्या मध्यस्थ सेवेमार्फत रेडमाइनकडे पाठवितो.

ही रचना ध्यानात ठेवल्यास दोष शोधणे सुकर होते. पान मुळीच उघडत नसेल, तर दोष सामान्यतः वेब सर्व्हर किंवा जाळ्यातील अडसर यांत असतो. वेब सर्व्हर उत्तर देतो, पण पुढील सेवा सापडत नसल्याचे सांगतो, अशा वेळी मध्यस्थ सेवा बंद पडलेली असते. आणि रेडमाइनचेच अंतर्गत दोषाचे पान दिसत असल्यास माहितीसाठ्याशी संपर्क, फाइलींचे हक्क किंवा एखादा अपुरा आज्ञासंच यांची तपासणी करावी लागते. प्रत्येक थराची स्वतंत्र घटनानोंद असते. अंदाजाने सेटिंगे बदलत बसण्यापेक्षा त्या त्या थराची घटनानोंद प्रथम वाचणे, हा या कामातील पहिला नियम आहे.

पूर्वतयारी : यंत्रसामग्रीची गरज माफक असते. रूबीची प्रत्येक कार्यरत प्रक्रिया काही शेकडो मेगाबाइट स्मृती व्यापते. तीत माहितीसाठा व परिचालन प्रणाली यांची गरज मिळविली, तर लहान कार्यालयास दोन ते चार गिगाबाइट स्मृतीचा सर्व्हर पुरतो. खरी अडचण आवृत्त्यांच्या मेळाची असते. रेडमाइनची प्रत्येक मुख्य आवृत्ती रूबीच्या ठराविक आवृत्त्यांवरच चालते. उदा., रेडमाइन ६.० ला रूबी ३.१ ते ३.३ या आवृत्त्या लागतात, तर उबुंटूच्या २०२२ मधील दीर्घमुदतीच्या संचाबरोबर रूबी ३.० येते. अशा संचावर ती बसविण्याचा प्रयत्न पहिल्याच पायरीवर फसतो. म्हणून प्रथम रेडमाइनची आवृत्ती निश्चित करावी, तिला चालणारी रूबीची आवृत्ती पाहावी व त्यानंतर वितरणसंच निवडावा. हा क्रम उलटल्यास वितरणसंचाबाहेरील रूबी स्वतंत्रपणे बसवून ती कायम सांभाळण्याचे काम गळ्यात पडते.

काही जेम उद्गम स्वरूपात येतात व ते त्या त्या यंत्रावरच संकलित करावे लागतात. त्यासाठी सी भाषेचा संकलक आणि माहितीसाठ्याच्या विकसन फाइली आधी बसवाव्या लागतात. चित्रांच्या लघुप्रतिमा व गँट आलेखाची चित्ररूप प्रत हवी असल्यास इमेजमॅजिक ही आज्ञावलीही आवश्यक असते. आज्ञावली चालविण्यासाठी प्रशासकीय हक्क नसलेला एक स्वतंत्र वापरकर्ता लिनक्सवर निर्माण करावा. सर्वाधिकारी खात्यातून ती चालविल्यास तिच्यातील एखाद्या छिद्रातून शिरणाऱ्यास संपूर्ण यंत्र मोकळे होते; स्वतंत्र खाते असल्यास हानी त्या खात्याच्या कुंपणातच राहते.

उभारणीचे टप्पे : (१) माहितीसाठा : प्रथम रेडमाइनसाठी एक रिकामा माहितीसाठा व त्यावरच हक्क असणारे खाते निर्माण करतात. एकाच साठाप्रणालीत अन्य आज्ञावल्यांची माहिती असल्यास या खात्याला ती दिसता कामा नये. साठ्याचा अक्षरसंकेत याच वेळी ठरवावा लागतो. त्याचे महत्त्व पुढे सांगितले आहे.

(२) आज्ञावलीची प्रत : अधिकृत संकुचित फाइल उतरवून तिचे बेरीजचिन्ह प्रसिद्ध केलेल्या बेरीजचिन्हाशी ताडून पाहतात व मगच ती उलगडतात. डेबियनसारख्या संचांत रेडमाइनचा तयार पुडकाही मिळतो. तो बसविणे सोपे असते व सुरक्षाविषयक दुरुस्त्या संचाबरोबर येतात. परंतु आवृत्ती जुनी असण्याचा संभव असतो आणि फाइली वितरणसंचाच्या रीतीप्रमाणे निरनिराळ्या ठिकाणी विखुरतात.

(३) जोडणीचा तपशील : माहितीसाठ्याचे नाव, पत्ता, खाते व परवलीचा शब्द एका विन्यास फाइलीत लिहितात. या फाइलीच्या लेखनपद्धतीत ओळीच्या आरंभी सोडलेल्या रिकाम्या जागांना अर्थ असतो व त्या ठिकाणी टॅब चालत नाही. नवशिक्यांच्या अनेक अडचणींचे मूळ या एका न दिसणाऱ्या चिन्हात सापडते. फाइलीत परवलीचा शब्द उघड असल्यामुळे ती वाचण्याचा हक्क फक्त आज्ञावलीच्या खात्याला ठेवावा.

(४) पूरक आज्ञासंच : ‘बंडलर’ हे साधन रेडमाइनला लागणाऱ्या जेमांची यादी वाचते, एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्या शोधते व त्या उतरवून घेते. निवडलेल्या आवृत्त्या एका फाइलीत गोठविल्या जातात. जोडणीच्या फाइलीत कोणता माहितीसाठा लिहिला आहे, हे पाहून बंडलर त्याचा जेम निवडत असल्याने तिसरा टप्पा चौथ्याच्या आधीच उरकावा लागतो. विकसन व चाचणी यांसाठीचे जेम प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर नको असल्याने ते वगळण्याची सूचना देतात.

(५) गुप्त किल्ली : यानंतर यादृच्छिक अक्षरांची एक गुप्त किल्ली निर्माण केली जाते. एखाद्याने प्रवेश केला, म्हणजे ब्राउझरकडे जे ओळखपत्र राहते त्यावर या किल्लीची मोहोर असते. किल्ली बाहेर गेल्यास खोटी ओळखपत्रे बनविता येतात. ती बदलल्यास सर्वांना पुन्हा प्रवेश करावा लागतो.

(६) कोष्टकांची निर्मिती : रिकाम्या साठ्यात कोष्टके व स्तंभ निर्माण करण्याच्या सूचना रेडमाइनमध्ये क्रमवार लिहिलेल्या असतात. त्यांना ‘स्थलांतरण’ म्हणतात. कोणत्या सूचना अमलात आल्या याची नोंद साठ्यातच राहत असल्याने पुढे नवी आवृत्ती बसविताना फक्त उरलेल्या सूचना पार पाडल्या जातात. रूबी ऑन रेल्समध्ये विकसन, चाचणी व प्रत्यक्ष वापर अशी तीन स्वतंत्र वातावरणे असून आज्ञा देताना प्रत्यक्ष वापराचे वातावरण स्पष्टपणे नमूद करावे लागते. ते राहून गेल्यास आज्ञा विकसनाचा साठा शोधू लागते व एकतर थांबते किंवा भलत्याच साठ्यात कोष्टके निर्माण करते. कोष्टके झाल्यावर आरंभिक माहिती, म्हणजे भूमिका, कामांचे प्रकार, स्थिती व अग्रक्रम, भरण्याची स्वतंत्र आज्ञा असते. ती निवडलेल्या भाषेत ही नावे भरते.

(७) फाइलींचे हक्क : जोडपत्रे, घटनानोंद व तात्पुरत्या फाइली यांच्या फोल्डरांत लिहिण्याचा हक्क आज्ञावलीच्या खात्यास देतात. सर्वांना सर्व हक्क देऊन टाकण्याचा सोपा उपाय सुचविणारे पुष्कळ भेटतात. तो कटाक्षाने टाळावा.

(८) चाचणी व कायम जोडणी : रेल्सबरोबर येणाऱ्या साध्या सर्व्हरवर, सामान्यतः ३००० या क्रमांकाच्या पोर्टवर, आज्ञावली चालवून पाहतात. पान उघडले म्हणजे खालचे तीनही थर जुळल्याची खात्री होते. त्यानंतरच वेब सर्व्हरची जोडणी करावी. मध्यस्थ सेवा केवळ यंत्राच्या अंतर्गत पत्त्यावरून, म्हणजे १२७.०.०.१ वरून, उपलब्ध ठेवतात व सिस्टिमडी या सेवाव्यवस्थापकाकडे तिची नोंद करतात, म्हणजे वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झाले तरी सेवा आपोआप उभी राहते. थरांच्या मर्यादाही जुळवून घ्याव्या लागतात. उदा., जोडपत्राची मूळची कमाल मर्यादा रेडमाइनमध्ये ५ मेगाबाइट असते, तर एनजिनेक्स मुळात १ मेगाबाइटपेक्षा मोठी मागणीच स्वीकारीत नाही. परिणामी दोन मेगाबाइटचा नकाशा जोडू पाहणाऱ्यास नकार मिळतो व रेडमाइनच्या घटनानोंदीत त्याचा मागमूसही नसतो, कारण ती मागणी तेथवर पोहोचलेलीच नसते.

(९) टपाल : नोंदीत बदल झाल्याचे संबंधितांना इलेक्ट्रॉनिक टपालाने कळावे यासाठी टपाल सर्व्हरचा पत्ता व खाते विन्यास फाइलीत देतात. नव्या सर्व्हरवरून थेट पाठविलेले टपाल अनेकदा संशयास्पद मानून नाकारले जाते. म्हणून संस्थेच्या प्रस्थापित टपाल सेवेमार्फत ते पाठविणे श्रेयस्कर असते.

अक्षरसंकेत व देवनागरी : मराठीतून नोंदी करावयाच्या असल्यास साठ्याच्या अक्षरसंकेताकडे विशेष लक्ष द्यावे लागते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा व्यापते. ‘कोल्हापूर’ हा शब्द क, ओकार, ल, हलन्त, ह, आकार, प, ऊकार व र अशा नऊ चिन्हांचा होत असून त्याला २७ बाइट लागतात. मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंकेत २०१८ मधील आठव्या आवृत्तीपूर्वी ‘लॅटिन-१’ होता आणि त्यात देवनागरीला स्थानच नव्हते. अशा साठ्यात मराठी मजकूर एकतर नाकारला जातो किंवा, साठ्याची शिस्त सैल असल्यास, प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहिले जाते. हे दुसरे अधिक घातक, कारण मूळ मजकूर साठ्यात कधी पोहोचलेलाच नसतो व कोणत्याही उपायाने तो परत मिळत नाही. त्याच प्रणालीतील ‘यूटीएफ-८’ या नावाचा जुना संकेत तीन बाइटांपर्यंतचीच चिन्हे स्वीकारतो. देवनागरीला तो पुरतो. तथापि भावचिन्हांसारखी चार बाइटांची चिन्हे आली, की अडतो. यासाठी २०१० मध्ये उपलब्ध झालेला ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हा चार बाइटांचा संकेत आरंभीच निवडावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८ निवडल्यास हा भेद उरत नाही.

अकारविल्हे मांडणीचा प्रश्न याहून वेगळा आहे. युनिकोडच्या क्रमवारीत ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर येते, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर व त्यापुढे ‘क्ष’, ‘ज्ञ’ असा क्रम आहे. साठ्याला मराठीचा वर्णक्रम सांगितलेला नसल्यास सूची यंत्राच्या क्रमाने लागते. यामुळे माहिती बिघडत नाही. पण नावांची यादी पाहणाऱ्यास अपेक्षित नाव अपेक्षित ठिकाणी सापडत नाही.

सुरक्षितता : नव्याने बसविलेल्या रेडमाइनमध्ये प्रशासकाचे खाते व त्याचा परवलीचा शब्द दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असतात आणि हे सर्वांस ठाऊक असते. पहिल्या प्रवेशाच्या वेळी शब्द बदलणे भाग पडते. तोपर्यंत मात्र जो प्रथम पोहोचेल तो मालक, अशी स्थिती असते. महाजालावर उघड असलेले पत्ते आपोआप चाचपणाऱ्या आज्ञावल्या अहोरात्र फिरत असतात. म्हणून आधी शब्द बदलून मगच बाहेरचे दार उघडावे, हा क्रम पाळणे आवश्यक आहे. अग्निभिंतीत ८० व ४४३ ही वेबची पोर्टे आणि प्रशासनासाठी लागणारे पोर्ट एवढीच मोकळी ठेवावीत. माहितीसाठ्याचे पोर्ट बाहेर कधीही उघडू नये.

ब्राउझर व सर्व्हर यांतील संदेशवहन कूटबद्ध असावे लागते, अन्यथा परवलीचे शब्द वाटेत वाचता येतात. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावे लागे. डिसेंबर २०१५ मध्ये सार्वजनिक रीत्या सुरू झालेल्या लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने ते विनामूल्य केले. या सेवेने प्रमाणपत्राची मुदत मुद्दाम अल्प, आरंभी ९० दिवसांची, ठेवली. नूतनीकरण हाताने न करता यंत्राकडून व्हावे हा त्यामागील हेतू होय. स्वयंनूतनीकरण नीट लावले नसल्यास तीन महिने सुरळीत चाललेली सेवा एके दिवशी अचानक धोक्याची सूचना दाखवू लागते.

खुद्द रेडमाइनमध्येही आरंभीची मोकळीक तपासावी लागते. प्रवेश न केलेल्या व्यक्तीस सार्वजनिक प्रकल्प पाहता येतात व नवे प्रकल्प सार्वजनिक ठेवण्याकडे मूळ मांडणीचा कल असतो. अंतर्गत कामासाठी वापरताना सर्वांना प्रवेश सक्तीचा करणे व स्वयंनोंदणी बंद करणे हे दोन बदल प्रथम करावेत.

राखीव प्रती : प्रकल्पाच्या नोंदवहीचे मोल आज्ञावलीत नसून तीत साठलेल्या नोंदींत असते. आज्ञावली पुन्हा उतरविता येते, नोंदी येत नाहीत. रेडमाइनमध्ये नोंदींचा मजकूर माहितीसाठ्यात, तर जोडपत्रे डिस्कवरील एका फोल्डरात राहतात आणि साठ्यात त्यांचा केवळ उल्लेख असतो. म्हणून दोन्हींची प्रत एकाच सुमारास घ्यावी लागते. फक्त साठ्याची प्रत असल्यास परत उभ्या केलेल्या नोंदवहीत जोडपत्रांची नावे दिसतात, जोडपत्रे मिळत नाहीत. यांच्यासह विन्यास फाइली व गुप्त किल्लीही जपून ठेवावी. प्रत रोज ठराविक वेळी ‘क्रॉन’ या वेळापत्रक सेवेने आपोआप घेतली जावी व ती दुसऱ्या यंत्रावर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत, असावी.

प्रत घेतली जाते आहे असे मानणे व ती उपयोगी पडेल याची खात्री असणे, यांत केवढे अंतर असते याचे बोधप्रद उदाहरण गिटलॅब या सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी घडले. ही सेवाही रूबी ऑन रेल्स व पोस्टग्रेएसक्यूएल यांवरच आधारलेली आहे. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरील साठ्याचे फोल्डर रिकामे करावयाचे होते; ती आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली गेली. चूक ध्यानात येऊन आज्ञा थांबविली जाईपर्यंत सु. ३०० गिगाबाइटपैकी ४·५ गिगाबाइट माहिती उरली होती. राखीव प्रतींच्या पाच व्यवस्था होत्या. पण प्रसंगी त्यांपैकी एकही नीट चालत नसल्याचे आढळले. साठ्याची नेहमीची प्रत घेणारे साधन साठ्याच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने ती प्रत निर्माणच होत नव्हती आणि हे कळविणारे टपाल वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने त्याच अभियंत्याने सु. सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत शिल्लक होती. तिच्यावरून सेवा पुन्हा उभी करण्यात आली. मधल्या काळातील सु. ५,००० प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या व ७०० नवी खाती यांवर परिणाम झाला. गिटलॅबने हा सर्व वृत्तांत व आपल्या चुका जाहीरपणे प्रसिद्ध केल्या. अशा व्यवस्था सांभाळणाऱ्यांच्या शिक्षणात त्या वृत्तांताला आजही स्थान आहे.

यावरून निघणारा नियम असा की, जी प्रत परत उभी करून पाहिली नाही ती प्रत नाही. काही महिन्यांतून एकदा वेगळ्या यंत्रावर नोंदवही प्रतीवरून उभी करावी, एखादे जुने जोडपत्र उघडून पाहावे व त्यास किती वेळ लागला ते लिहून ठेवावे.

उन्नयन : आज्ञावलीत आढळलेल्या सुरक्षाविषयक छिद्रांवरील दुरुस्त्या नव्या आवृत्त्यांतून येत असल्याने आहे तेच वर्षानुवर्षे चालू ठेवणे धोक्याचे असते. उन्नयनापूर्वी पूर्ण प्रत घ्यावी, नवी आवृत्ती स्वतंत्र फोल्डरात उलगडावी, विन्यास फाइली व जोडपत्रे तीत आणावीत, जेम बसवावेत व उरलेली स्थलांतरणे पार पाडावीत. स्थलांतरणानंतर साठ्याची घडण बदललेली असते. जुनी आज्ञावली त्यावर चालेलच असे नाही. माघार घेण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आधी घेतलेली प्रत. बाहेरील विकासकांनी लिहिलेली पूरक अंगे, म्हणजे प्लगइन, या कामी सर्वाधिक अडथळा ठरतात. त्यांचा कर्ता काम सोडून गेला असल्यास संपूर्ण प्रतिष्ठापना जुन्या आवृत्तीत अडकून पडते. म्हणून प्लगइन निवडताना त्याची उपयुक्तता व त्याची देखभाल कोण करतो, या दोन्हींचा विचार करावा.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉकर या तंत्राने आज्ञावली, रूबी व जेम एकाच बंद पेटीत मिळू लागल्याने आवृत्त्यांच्या मेळाची अडचण पुष्कळशी दूर झाली. मात्र पेटी टाकून नवी आणताना तिच्यातील माहितीही जाते. साठा व जोडपत्रे पेटीबाहेरील कायम जागेत ठेवण्याची व्यवस्था केली नसल्यास पहिलेच उन्नयन नोंदवही पुसून टाकते.

स्वतःचा सर्व्हर की परकी सेवा : अशी नोंदवही स्वतः उभारण्याऐवजी एखाद्या कंपनीची सेवा भाड्याने घेता येते. तीत देखभालीचा भार नसतो; पण निर्णयही आपल्या हाती राहत नाही. अटलासियन या कंपनीने आपल्या जिरा या प्रसिद्ध आज्ञावलीची ग्राहकाच्या सर्व्हरवर बसविण्याची ‘सर्व्हर’ आवृत्ती बंद करण्याचे ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले व फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे साहाय्य थांबविले. याच कंपनीच्या भाड्याच्या सेवेत एप्रिल २०२२ मध्ये जुनी पूरक आज्ञावली काढण्यासाठी चालविलेल्या आज्ञांनी चुकून सु. ७७५ ग्राहकांच्या नोंदवह्याच काढून टाकल्या. काहींना त्या परत मिळण्यास चौदा दिवस लागले. उलटपक्षी, स्वतःच्या सर्व्हरवर अशी चूक झाल्यास ती निस्तरण्यासाठी मोठ्या कंपनीचे मनुष्यबळही नसते. दोन्ही मार्गांत माहितीची एक वाचनीय प्रत आपल्या ताब्यात असणे, हीच खरी शाश्वती होय.

लहान संस्थांत हे काम बहुधा एकाच हौशी व्यक्तीकडे असते. कोणती आवृत्ती कोठे बसविली, परवलीचे शब्द कोठे ठेवले, प्रती कोणत्या यंत्रावर जातात, हे सर्व तिच्या स्मरणात असते. ती व्यक्ती सोडून गेली, की चालू असलेल्या यंत्राला हात लावण्यास कोणी धजत नाही. यासाठी उभारणी करतानाच प्रत्येक पायरी साध्या भाषेत लिहून ठेवण्याची प्रथा आहे. हे टिपण त्याच रेडमाइनच्या विकी पृष्ठावर ठेवण्याचा मोह होतो. परंतु सर्व्हर बंद पडल्यावर ते वाचता येत नसल्याने त्याची कागदावर छापलेली प्रत कार्यालयात असावी. दुसऱ्या जाणकार व्यक्तीने केवळ त्या टिपणावरून व राखीव प्रतीवरून नोंदवही पुन्हा उभी करून दाखविली, म्हणजे उभारणी पूर्ण झाली असे समजावे.